धाकटीचा दुधाचा पेला

माय, आज धाकटी आली आहे. यावलहून धुळ्याला, या वयात, एसटी बदलत बदलत. आल्या आल्या माझ्या नातवंडांना गोळा करून तिने तुझी गोष्ट सुरू केली. "आमची माय मला रोज सकाळी धारोष्ण दूध पाजायची. गाईच्या सडाखालून थेट पेल्यात. म्हणून तर एवढ्या दुखण्यातून उठले मी!" मी ओट्याशी दूध तापवत उभी होते. हसले. तिला वाटलं, कौतुकाने हसले.

तो पेला मला अजून दिसतो. पितळेचा, काठाला पोचा आलेला. तू गोठ्यात उकिडवी बसली आहेस, गुडघ्यांत पेला आणि धाकटी तुझ्या पाठीला चिकटून उभी. फेस वर आला की तू पेला तिच्या ओठांना लावतेस, मग पदराने तिची पांढरी मिशी पुसतेस. मी दारात शेणाची पाटी घेऊन. एकदा धीर करून म्हटलं, "मलेबी दे ना व." तू मागे न बघता म्हणालीस, "तुले काय करायचं? तू कुठीबी वाढशीन. ती कमजोर हाये." मी नऊ वर्षांची होते, ती सहाची. कुठेही वाढतं ते तण, माय. मला चुलीवरचं, साय काढलेलं दूध मिळायचं, तेही चहापुरतं. तिच्या त्या पेल्यावर मी इतकी जळायचे की तो विहिरीत टाकायचं दोनदा मनात आलं होतं. टाकला असता तर बरं झालं असतं.

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. धाकटीचा घसा धरला तो सुटेचना. भाकरीचा घास गिळताना रडायची. कानाखाली मानेत गाठ आली. मिठाच्या गुळण्या झाल्या, यावलला पेनिसिलिनची इंजेक्शनं झाली, उतार पडेना. शेवटी तू तिला जळगावला नेलंस. मलाही नेलंस, पिशव्या धरायला. तिथल्या डॉक्टरांनी बॅटरी मारून घसा पाहिला. एकच टॉन्सिल सुजलेलं, त्यावर पांढुरकी जखम. त्यांनी ते काढलं, पण फेकलं नाही. बाटलीत घालून मुंबईला तपासायला पाठवलं. उत्तर आलं तेव्हा आपण तिघी पुन्हा त्यांच्यापुढे बसलो होतो. क्षय निघाला होता.

"क्षय तं छातीले होते ना, साहेब?" तू विचारलंस.

"घशालाही होतो, बाई. छातीचा फोटो स्वच्छ आला, हे नशीब समजा." मग त्यांनी सहज विचारावं तसं विचारलं, "हिला कच्चं दूध पाजता का? गाईला हा रोग असला तर न तापवलेल्या दुधातून येऊ शकतो."

तू म्हणालीस, "नाही साहेब. उकयूनच देते."

आणि माझ्याकडे बघितलंस. इतका वेळ तू माझ्याकडे कधीच बघितलं नव्हतंस. मी म्हटलं, "हो, चूल मीच पेटवते." परतताना एसटीत धाकटी तुझ्या मांडीवर झोपली होती, आणि तू माझा हात घट्ट धरलास. "कोनाले सांगू नको व." तुझी बांगडी माझ्या मनगटात रुतत होती. मी हात सोडवला नाही.

पुढे रोज तिला घेऊन यावलला जायचं, स्ट्रेप्टोमायसिनचं इंजेक्शन टोचून आणायचं. वर गोळ्या आणि कडू पावडरच्या पुड्या, वर्षभराहून अधिक. तिला मोसंबी, तिला एसटीची खिडकी, आणि मला घरी भाकऱ्या. एकदा तिची पुडी मी चोरून तोंडात टाकली आणि ओकले. तू पाठीत धपाटा घातलास. "औषीद हाये ते, शेंगदान्याचा कूट नाही!" मला काय हवं होतं ते तुला कधी कळलंच नाही. गाठ विरली, धाकटी गुटगुटीत झाली. पेला फडताळात वर गेला. घरातलं दूध तळाला लागेपर्यंत उकळू लागलं, आणि तू स्वतः मरेपर्यंत कोरा चहा प्यायलीस. धाकटी आजही सांगते, मायने माझ्यासाठी दूध सोडायचा नवस केला होता.

आज तिची गोष्ट ऐकताना एक वाक्य जिभेवर आलं होतं. तेवढं बोलले असते तर तिची गोष्ट तिथेच संपली असती. मी दूध गाळून दिलं. तू शेवटच्या आजारात म्हणाली होतीस, "थोरली, तू गुनाची हाये. माही लाज राखली तू."

ती आतून हाक मारते आहे, चहा झाला म्हणून. तुला लिहिलेला हा कागद घरात राहिला तर तिच्या हाती लागेल, म्हणून आताच फाडणार आहे. पण तुझी लाज राखायला नाही, माय. मी एवढी गुणाची कधीच नव्हते. तिला दूध मिळालं, तू मिळालीस, दुखणंसुद्धा तिलाच मिळालं. ते खोटं तेवढं तू माझ्या एकटीच्या हातात दिलंस. त्यात मी तिला वाटा देणार नाही.