ओढ्याकाठची दहा पावलं

१२ सप्टेंबर, दुपार

प्रिय चिमणे,

आशीर्वाद आहेतच, मोठ्या बहिणीनं ते द्यायचेच असतात. इकडे सगळं ठीक. कोंबड्या अंडी घालताहेत, मका डोक्यावर गेलाय, माझा गुडघा कुरकुरतोय. तू कशी आहेस हे विचारत नाही, तुझ्या पत्रात चार पानं तेच होतं.

तुझा ढब्बू कुत्रा गेल्याचं वाचून वाईट वाटलं. खरंच वाटलं गं. तळ्याच्या काठावरचं हिरवं पाणी चाटलं आणि तासाभरात पाय झाडत मेला, म्हणतेस. मुक्या जनावराला काय कळणार? तुला तरी कुठे कळलं! त्याच तळ्याकडे तोंड केलेल्या खोल्या तू जादा भाड्यानं देत होतीस.

ओढ्याकाठची गवताची पट्टी मी परत लावीन का, असं विचारलंयस. पाणी तपासायला आलेल्या बाईंनी तुला सांगितलं म्हणे, की तो विषारी शेवाळाचा हिरवा थर वरच्या शेतातून येणाऱ्या फॉस्फरसवर पोसला जातो. आणि वरचं शेत एकच, माझं. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत तळं सुधारलं नाही तर पोहायला कायमची बंदी, म्हणजे तुझ्या गेस्ट हाउसला टाळं. हुशार आहेत बाई. तुला मात्र एवढं कळायला तीन वर्षं लागली.

तीन वर्षं तू त्या लॉन्ड्रीवाल्याच्या हात धुऊन मागे लागलीस. त्याच्या साबणाच्या पाण्यानं तळं हिरवं होतंय म्हणून अर्ज केलेस, सह्या गोळा केल्यास, त्याच्या दुकानासमोर गळा काढलास. बिचारा गाशा गुंडाळून गेला. ते साबणाचं खूळ तुझ्या डोक्यात कुणी घातलं, आठवतं? मीच. फोनवर, भाजी निवडता निवडता.

आता कागद हातात घेतलाच आहे तर सांगून टाकते.

बाबा गेले, त्याच्या पुढच्याच महिन्यात मी माती तपासून घेतली होती. तुला बोलले नाही. माती-मास्तर आला, शेतभर नळी खुपसून नमुने घेऊन गेला, आणि अहवाल द्यायला स्वतः आला. म्हणाला, "ताई, इतकी वर्षं कोंबडखत वरच्या वर पसरलंय तुम्ही. वरची चार बोटं माती फॉस्फरसनं गच्च भरलीय. आता दहा वर्षं मूठभरही टाकू नका. पिकाला लागणार नाही, ओढ्यात जाईल."

"पाण्यात विरघळून?"

"थोडं तसं. बाकीचं मातीच्या कणांना चिकटून बसतं. जोराचा पाऊस झाला की गढूळ पाण्याबरोबर माती जाते आणि मातीबरोबर ते. तुमच्या वडिलांनी ओढ्याकाठी गवत राखलंय ना, ते माती अडवतं. तेवढं मोडू नका."

आठवतं ना तुला? बाबा दर वर्षी नांगरणीआधी ओढ्यापासून दहा पावलं मोजायचे आणि खुंट्या ठोकायचे. खुंटीपुढे नांगर न्यायचा नाही. आपण दोघी हसायचो, की बघा, हा माणूस गवताची शेती करतो.

मास्तर गेला आणि चौथ्या दिवशी मी त्या खुंट्या उपटल्या. ट्रॅक्टरवाल्यानं दोनदा विचारलं, "ताई, नक्की ना?" म्हटलं, नक्की. नांगर पार पाण्याला टेकवला. वर दोन ट्रॉल्या कोंबडखत ओतलं, आणि दर वर्षी ओततेय. पिकाला नको होतं, ते मला ठाऊक होतं.

का, ते विचारू नकोस. बरं, विचार.

बाबांचे शेवटचे चार महिने मी काढले. भरवलं, पुसलं, कुशीवर वळवलं. हाका मात्र तुझ्या नावानं यायच्या. "चिमणी आली का?" ओ मी द्यायची. त्यांना एकदाच खाली यायचं होतं, तळ्यात पाय सोडून बसायचं होतं. मी तुला फोन केला. तू म्हणालीस, "अगं ताई, सीझन आहे, खोल्या भरल्यात. आजारी माणूस बघून लोक उठून जातील." बाबांना मी सांगितलं, चिमणीला ताप आलाय. तर म्हणतात कसे, "तिला म्हणावं, पाण्यात जाऊ नकोस." मग मी खिडकी उघडून दिली. तळं दिसत होतं, आणि तुझ्या पाहुण्यांचं खिदळणं वरपर्यंत ऐकू येत होतं. तिसऱ्या दिवशी ते गेले.

असो. गवताचं विचारलंयस. लावते. चेष्टा नाही करत, बी आणलंय, खुंट्याही सापडल्या. कोंबडखतही त्या शेतात पडणार नाही, शब्द देते.

फक्त एक. परवा मास्तरला पुन्हा बोलावलं होतं. तुझं तळं बघून आला आणि डोक्याला हात लावून बसला. "उशीर झाला, ताई. तळाशी गाळ बसलाय, त्यात हे सगळं साठलंय. आता वरून कणभर आलं नाही तरी दर उन्हाळ्यात गाळच ते पाण्यात सोडत राहील. दहा वर्षं, वीस वर्षं, कुणी सांगावं." मी त्याला दुसरा कप चहा दिला, साखर जरा जास्त घालून.

तेव्हा मी गवत लावलं काय आणि न लावलं काय, तुला सारखंच. म्हणून तर लावतेय.

मला काहीच वाटत नाही असं समजू नकोस. ढब्बूचं वाटतं. लॉन्ड्रीवाल्याचं तर रोज वाटतं, त्याला दोन लहान मुली होत्या. तुझं वाटावं म्हणूनही बसून बघितलं, नाही जमलं.

तुझं तळ्याकाठचं घर आता कुणी विकत घेणार नाही. राहायचं कुठे, अशी पंचाईत झाली तर सरळ इकडे ये. बाबांची खोली झाडून ठेवलीय. खाट खिडकीशीच आहे, तळं पुरतं दिसतं. संकोच करू नकोस. आमच्या खोल्या भरलेल्या नसतात, आणि आमच्याकडे सीझनही नसतो.

वरच्या अंगाला राहणारी,
तुझी ताई