लाल खुणांची वही

३ एप्रिल

ठरलं! चाळीस वर्षांत प्रथमच तिन्ही पंथांचे पुढारी एका वेदीपुढे उभे राहणार — नरसंहारात मारल्या गेलेल्यांसाठी. भाषण माझं. नावांची यादीही मीच आणायची. बिशप म्हणाले, "आमची बाप्तिस्म्याची वही तेव्हाच जळाली हो. नावं आता तुमच्याच चर्चच्या वहीत." मी मान डोलावली.

४ एप्रिल

वही कपाटातून काढली. ज्या नावापुढे लाल खूण, ते माणूस गेलं. खुणा बाबांच्या हातच्या. ते तेव्हा इथल्या चर्चचे पाळक. सैनिक एका जमातीची माणसं शोधत होते. बाबांनी खुणा करून वही दिली. काम झाल्यावर सैनिकांनी ती परत केली — पोच घेऊन! मरताना बाबा एवढंच म्हणाले, "मागितली, दिली." भीतीने? की पटून? विचारायचं धाडस झालं नाही. जगाला जाब विचारत फिरणारा मी!

६ एप्रिल

नावं कोऱ्या कागदावर उतरवतोय. कागदावर लाल दिसत नाही.

ही चहा ठेवता ठेवता म्हणाली, "व्यासपीठावर गर्जना, आणि इथे नक्कल? अक्षर मात्र छान काढताय!"

८ एप्रिल

शिवणवाल्या मावशी आल्या. त्यांचे दोन भाऊ यादीत आहेत.

"कागद नको रे. वहीच आण. खुणा कुणी केल्या ते मला ठाऊक आहे. तुझ्या तोंडून ऐकायचंय."

"मावशी, बाबा आता नाहीत."

"माझे भाऊ तरी कुठे आहेत?"

बिशपांना फोन केला. "अहो, उपासना आहे, चौकशी नव्हे. यादी वाचा, मेणबत्त्या लावू. कशाला उकरता?"

९ एप्रिल

भाषण चारदा लिहिलं. चारही वेळा टाळ्या पडतील असंच उतरलं. फाडलं.

१० एप्रिल

उपासनेत कागद खिशातच राहिला. वही उघडून लोकांपुढे धरली. "या खुणा माझ्या वडिलांनी केल्या." पाच शब्द! मग पहिल्या नावावर बोट ठेवलं. मावशी उठून आल्या, वही माझ्या हातून घेतली आणि सगळी नावं त्यांनीच वाचली. भावांच्या नावांपाशीही थांबल्या नाहीत.

बिशप मान खाली घालून बसले होते. संपताच कुणाशी न बोलता गाडीत बसून गेले. चाळीस वर्षांनी जुळलेलं मीच मोडलं का?

१२ एप्रिल

बिशप फोन उचलत नाहीत.

१३ एप्रिल

त्यांचा ड्रायव्हर पुडकं ठेवून गेला. चिठ्ठी नाही. आत त्यांची बाप्तिस्म्याची वही, लाल खुणांसकट. कुठेही जळालेली नाही.