आखूड तोंडाची शेळी

आबा, मी कापसाच्या वातीनं दूध पाजून जगवलेली ती शेळी तुम्हाला आठवते का? जन्मली तेव्हा तिचा खालचा जबडा इतका आखूड होता की आईचा सड तोंडात धरताच येईना. घरात सगळे म्हणाले, सोडून द्या. तुम्ही मात्र तिला उचलून आणलंत, चुलीपाशी माझ्या मांडीवर ठेवलंत आणि म्हणालात, "घे, ही तुझी." गोठ्यातलं सगळं भावाचं, आणि माझी ही एक वाकड्या तोंडाची. मी हरखून गेले होते. पाला बारीक चिरून घालायचे तिला. चांगली धडधाकट झाली.

मग तुम्ही तिला आपल्या दोन काळ्या बोकडांना आळीपाळीनं दाखवलंत. मला वाटायचं, माझ्या शेळीचं किती करतात आबा! पहिल्या बोकडाची दोन वेतं झाली, सगळी करडं धड. दुसऱ्याच्या जुळ्यातलं एक आखूड तोंडाचं निघालं. तुम्ही बोट घालून त्याचा जबडा चाचपताय, हे मला आत्ताही दिसतंय. ते करडू मेलं तेव्हा मी रडले, तर तुम्ही खेकसलात.

लग्नात आंदण म्हणून तुम्ही मला दुसरा बोकड दिलात. मी पहिला मागितला होता. "दोन्ही सारखेच हाईत. काहून तोंड वाकडं करती?" म्हणालात. पहिला भावाच्या कळपात राहिला. केजजवळच्या माझ्या सासरी तुमच्या बोकडाचं किती कौतुक झालं! काळाभोर, उंचापुरा. पहिली करडं झकास झाली. पण त्याच्याच लेकी मोठ्या होऊन त्यालाच लागल्या आणि आखूड तोंडाची करडं पडायला लागली. तोवर तुम्ही गेला होतात. सासूबाई म्हणाल्या, माझा पायगुण. शेळी व्यायला झाली की मला गोठ्यातून बाहेर काढायच्या. बोकड म्हातारा होऊन गेला, त्याचा पोरगा कळपात आला, तरी मी बाहेरच. जनावरांत वाढलेली मी, आबा, इतकी वर्षं स्वतःच्या दारात बाहेर उभी राहून आतलं ओरडणं ऐकलं.

परवा जनावरांचे डॉक्टर आले. मेलेलं करडू बघून म्हणाले, "यात कुणाचा पायगुण नाही. हा दोष आई-बाप दोघांकडून आला तरच दिसतो. एकाकडूनच आला तर जनावर वरून धड दिसतं, पण दोष पुढे देतं. बोकडाच्या पोटात काय आहे हे बघायचं तर त्याला आखूड तोंडाच्याच शेळीला लावायचं. एक जरी करडू तसं निघालं, तर दोष बोकडात आहे म्हणून समजा."

तुमचं ते चाचपणारं बोट आठवलं. माझ्या शेळीला तुम्ही जगवलंत ते माझ्यासाठी नाही, बोकड पारखायला. आणि पारखून झाल्यावर चांगला लेकाला ठेवलात, दोषाचा माझ्या पदरात घातलात. फसवलंत तुम्ही मला. परक्यानं फसवलं असतं तर चार शिव्या घालून मोकळी झाले असते. तुम्हाला काय म्हणू? लेक म्हणजे तुमच्या लेखी कळपातली खोड दूर पाठवायची जागा होती का?

डॉक्टर गेल्यावर सासूबाई ओट्यावर बसल्या. मग माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "म्हंजी तुज्यात काय न्हवतं." आणि उठता उठता, "तुज्या बापाला ठावं व्हतं का गं?"

हो म्हणायला माझं तोंड उघडलं होतं, आबा. आज तुम्हाला उघडं पाडायची संधी माझ्या हातात होती. पण मी म्हणाले, "न्हाई. त्यांना कुठलं ठावं असनार."

त्या गोठ्यात गेल्या, मला आत बोलावलं. मी गेलेही. पण तुमच्यापेक्षा मला माझाच राग येतोय, की एवढं सगळं कळूनही मी तुम्हाला वाचवलं.