देव्हाऱ्यामागची बरणी

जोयडे, पेटा सुपे,
माघ वद्य तृतीया, शके १८५२

तीर्थस्वरूप बायजामावशींना,

तुमच्या पायांवर डोकं ठेवून तारा हे लिहिते. इकडे आम्ही तिघं देवाच्या दयेनं बरी आहोत. तुमचे गुडघे आता कसे आहेत, अर्जुनभाऊंची म्हैस व्याली का, ते दोन ओळींत कळवावं. इथं थंडी अजून आहे. सकाळी धुकं इतकं की समोरच्या डेपोतले लाकडांचे ढीगही दिसत नाहीत. ह्यांचं डेपोतलं लिहिण्याचं काम वाढलं आहे, उशिरा जेवतात.

संक्रांतीचा तिळगूळ पोचला. केशरनं एक वडी देवापुढं ठेवली, एक माझ्या गळ्यातल्या रुक्माताईंच्या चांदीच्या टाकाला लावली आणि बाकीच्या परकराच्या ओच्यात घेऊन पसार झाली. पाच वर्षांची पोर, पण गेलेल्या आईचा वाटा काढायला विसरत नाही. हे तुम्हाला कळलं तर बरं वाटेल म्हणून लिहिलं.

तिळगुळाबरोबर तुमचा निरोपही आला. मारुती गाडीवानानं तो अंगणात उभं राहूनच सांगितला, "म्हातारी म्हनली, शिमग्याला पोरीला धाडू नका. माज्या दारात आता तिला आनायचीच न्हाई. माज्या हाताला गुन न्हाई." केशर ओसरीवर बसली होती. तिनं मला विचारलं, "आजी रागावली का गं माझ्यावर?" मी नाही म्हटलं. मग तिला पाटावर बसवून वेणी घालायला घेतली. त्याला तीन आठवडे होत आले.

आता तिच्या औषधाची हकिकत. हल्याळच्या डॉक्टरांचं औषध दोन वेळा चालू आहे. बाटलीवर कागदाची खाचा पाडलेली पट्टी चिकटवलेली असते, ती तुम्ही पाहिली आहे. एक खाच म्हणजे एक वेळ. चव कडू आणि खारट, तोंडात खिळा धरल्यासारखी. मी जिभेला लावून पाहिलं आहे. गेल्या भाद्रपदात दम्यानं तिच्या छातीचा भाता झाला होता तेव्हा औषध सुरू झालं आणि कार्तिकात ती अंगणात लगोरी खेळायला लागली. मी डॉक्टरांना विचारलं होतं, बरी झाली की बंद करायचं ना? ते म्हणाले, "बाई, तुम्ही जमीन रोज सारवता ती उखडली म्हणून का? उखडू नये म्हणूनच ना? तसंच हे. पोर हसत-खेळत असेल त्या दिवशी तर मुळीच चुकवायचं नाही. दोन पावसाळे तरी जाऊ द्या."

केशरचं मला नवल वाटतं. मोठी माणसं काढ्याच्या वाटीकडे पाहून तोंड फिरवतात. ही आपणहून पाट मांडते, डोळे गच्च मिटते आणि घटाघटा पिते. पिऊन झालं की तळहातावर चिमूटभर कोंडा मागते. "आजीचा खेळ खेळूया" म्हणते. एक एक कुसळ फुंकरीनं उडवते आणि त्याला खानापूरच्या बाजाराला धाडते. हा खेळ ती कुठं शिकली ते तुम्हाला सांगायला नको. तरी तो दिवस मला लिहायचा आहे, कारण त्या दिवशी तुम्ही काय केलंत ते तुम्हाला स्वतःला दिसलेलं नाही.

मार्गशीर्षात तुमची मळणी होती म्हणून आम्ही नंदगडला आलो होतो. खळ्यावर बैल फिरत होते. जेवून केशर तुमच्या मागं मागं तिथं आली. आधी खोकली, मग छातीत शीळ वाजायला लागली. बघता बघता गळ्याखाली खळगा पडायला लागला आणि ओठांचा रंग गेला. बायका ओरडायला लागल्या, "आडवी करा, आडवी करा पोरीला!" तुम्ही सूप टाकून धावलात. "आडवी न्हाई करायची! सरा समोरनं. वारं तरी येऊ द्या तिला." तिला उचलून खळ्यापासून लांब नेलंत, आंब्याखाली भाताच्या पोत्यावर ओणवी टेकवलीत आणि मागून आपल्या मांड्यांत धरून बसलात. पदराला लागलेला कोंडा चिमटीत घेऊन तिच्यापुढं तळहात धरलात.

"केशरी, ह्यो कोंडा उडव बघू. समदा एकदम न्हाई हं. लई हळू. ह्या कुसळाला खानापूरच्या बाजाराला धाड."

तिला फुंकर घालायला श्वास नव्हता. तुम्ही तिच्या कानाशी स्वतः फुंकून दाखवत होतात.

"गेलं बघ त्ये! आता त्येच्या भावाला. त्येची बायकू म्हनतीया मला बी न्या."

तुमचा आवाज एकदाही हलला नाही. पण तुमच्या दुसऱ्या हाताची बोटं पोत्यात रुतली होती, ती मी पाहिली. ह्यांनी बाटलीतलं औषध आणून दिलं, ते तिला थोडं थोडं तुम्हीच पाजलंत. दिवेलागणीला शीळ उतरली आणि ती तुमच्या मांडीवर बसल्या बसल्याच झोपली, तोवर तुम्ही पाणीही प्यायला नव्हतात. मी मॅट्रिक झालेली. शाळेत फुप्फुसांचं चित्र काढून शाबासकी मिळवलेली. मी दहा हातांवर उभी राहून स्तोत्र म्हणत होते आणि ओळी विसरत होते.

त्यानंतरचे आठ दिवस तर मी जन्मात विसरणार नाही. "बऱ्या पोरीला रोज जहर कशाला घालतीस गे?" असं मला तोंडावर विचारणाऱ्या तुम्हीच. पण दुसऱ्या दिवसापासून बाटली आपल्या ताब्यात घेतलीत. अक्षरओळख नाही, तरी पट्टीच्या खाचेवर नख ठेवून उजेडात धरून औषध ओतत होतात, थेंब इकडचा तिकडं नाही. जहर म्हटलेली वस्तू नातीसाठी हातात घ्यायची आणि देवाच्या तीर्थासारखी मोजून द्यायची, एवढा मोठेपणा मी पुस्तकं वाचलेल्या माणसांतही पाहिलेला नाही.

इथं थांबते. चूल विझत आली आहे.

*

चतुर्थी, सकाळ.

काल वर जे लिहिलं ते खरं आहे. पण ते लिहिताना मी ज्याच्या कडेकडेनं चालले ते आज लिहिते. उपास आहे, गणपतीला फूल वाहून बसले आहे.

मळणीच्या त्या संध्याकाळी तुमच्या ओट्यावर सगळा गाव जमला होता. ह्यांनी बाटली हातात घेऊन सगळ्यांना दाखवली आणि तुम्हाला म्हणाले, "औषध एक वेळ चुकलेलं नाही. बघा, बाटली खाचेबरोबर उतरली आहे. मग इथंच काय खाल्लं हिनं? खळ्यावर कुणी नेली?" तुम्ही म्हणालात, "मीच न्हेली. कवळा ऊस बी मीच दिला." आणि कपाळाला हात लावून बसलात. मी उंबऱ्याशी उभी होते. मी बोलले नाही.

मावशी, बाटली खाचेबरोबर उतरली होती, पण औषध केशरच्या पोटात गेलं नव्हतं. नंदगडला येण्याआधीचे अकरा दिवस मी तिला एक थेंबही दिला नव्हता.

ह्यांना कळू नये म्हणून दोन्ही वेळचं औषध मी बाटलीतून काढत होते. टाकून द्यायला माझा हात धजेना. एवढ्या लांबून माणूस पाठवून आणलेली वस्तू! म्हणून लोणच्याच्या रिकाम्या बरणीत ओतून बरणी देव्हाऱ्याच्या मागं ठेवत होते. माझ्या वहीच्या शेवटच्या पानावर रोज औषध दिलं की मी फुली मारते. त्या अकरा दिवसांच्याही फुल्या मारल्या. आजवर त्या वहीत मी खोटी रेघ ओढली नव्हती.

का केलं ते सांगते. ती सबब नव्हे. विहिरीवर दुकानदाराची येसू मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली होती, "सावत्र न्हवं व्हय ती! बऱ्या पोराच्या नरड्यात रोज कडू ओतायला सख्ख्या आईचा हात उठंल काय?" बायका हसल्या. मी घागर अर्धीच भरून घरी आले. लग्नात रुक्माताईंचा टाक माझ्या गळ्यात तुम्हीच बांधलात आणि म्हणालात, "हिच्या लेकराला जपलंस तर ही तुला जपंल." रोज औषध देताना मी वाटी आधी त्या टाकाला लावते आणि म्हणते, ताई, तुमच्या हातानं देते. त्या दिवशी वाटलं, खरंच, त्या असत्या तर त्यांनी हे दिलं असतं का?

मग मी सातेरीच्या देवळात कौल लावला. गुरवानं देवीला फुलांचे कळे चिकटवले. मी हात जोडून विचारलं, "देवी, केशर बरी झाली ना?" उजवा कळा पडला. मला वाटलं, सुटले. देवीनं होय म्हटल्यावरही बाटली चालू ठेवायची म्हणजे देवीवर अविश्वास. त्या अकरा दिवसांत टाक मात्र मी पदराखाली घातलेला असे. आपण चुकतोय हे माझ्या हाताला आधीच कळलं होतं.

नंदगडहून परत आल्यावर मी देवीवर मनातून रुसले होते. तिनंच फसवलं असं वाटे. भात कांडायला येणारी पुतळी कुणबीण तुम्हाला माहीत आहे. परवा ती देव्हाऱ्यामागची भिंत सारवत होती. बरणी बाहेर काढून म्हणाली, "अक्का, देवाला लोनचं कधीपासनं लागतंय?" आणि बोट बुडवून चाखलंसुद्धा. "आई गं! ह्ये पोरीचं औशिद न्हवं?"

मी तिला सगळं सांगितलं. कौलाचंही सांगितलं. ती तशीच शेणाचे हात घेऊन ऐकत होती.

"काय इचारलंस देवीला? बरी झाली काय म्हून? मग ती व्हय म्हननारच की! पोर बरीच व्हती. औशिद पितीया म्हून बरी व्हती. बंद करू काय म्हून इचारलंस काय?"

"नाही."

"का न्हाई इचारलंस?"

त्या प्रश्नाचं उत्तर तिनंच दिलं. "डावा पडंल म्हून भ्यालीस. आता देवीच्या डोक्यावर घालू नको अक्का, तिनं खोटं सांगितलेलं न्हाई." आणि पुन्हा भिंत सारवायला लागली.

त्याच संध्याकाळी मी ह्यांना सांगितलं. ते रागावले असते तर सोपं गेलं असतं. त्यांनी दिव्याची वात सारली. मग म्हणाले, "ओट्यावर मी जे बोललो ते मी मागं घेईन. तुझा दोष तू घे." बरणी ओतून टाकायला उचलली त्यांनी. मी म्हटलं, राहू द्या.

तर मावशी, केशरला दम लागला तो तुमच्या खळ्यामुळं नव्हे, उसामुळं नव्हे, तुमच्या हातामुळं तर नव्हेच. धूळ तिच्या छातीत शिरली तेव्हा आत तिला अडवायला जे रोज राखणीला असायचं ते मी काढून घेतलं होतं. आणि ती वाचली ती तुमच्या हातामुळं. तुम्ही दोन महिने जो दोष उराशी धरून बसलात तो माझा आहे. तुमच्या लेकीचं एकुलतं एक लेकरू तुम्ही त्या दोषापायी दाराबाहेर ठेवायला निघालात आणि मी तिळगूळ खात गप्प राहिले. ह्याला क्षमा मागायचीही मला लाज वाटते.

हे तुम्हाला एकटीला गाठून कानात सांगता आलं असतं. दोनदा तसं ठरवलंही. पण तुमचं नाव चारचौघांत निघालं होतं. म्हणून तुम्हाला पत्र वाचून दाखवणाऱ्या अर्जुनभाऊंना माझी विनंती आहे, हे पत्र त्यांनी आत माजघरात वाचू नये. संध्याकाळी त्याच ओट्यावर बसून, त्या दिवशी होते तेवढे लोक बोलावून, मोठ्यानं वाचावं. माझ्या तोंडाकडे पाहून एक ओळही गाळू नये. येसूचं बोलणं वाचताना हसू आलं तरी हसावं, पण पुढचं वाचावं.

होळीच्या आधी चार दिवस मारुतीच्या गाडीनं लोंढ्याला आणि तिथून रेल्वेनं मी केशरला घेऊन येते. तिची बाटली बरोबर असेल. शिमगा होईपर्यंत दोन्ही वेळा तुमच्याच हातानं तिला द्यावं. पट्टीवर नख ठेवून देता तसंच. बरणीही आणते. ज्यांनी ओट्यावर बाटली पाहिली त्यांना ती दिसली पाहिजे.

मला घरात घ्यावं की नाही ते तुम्ही ठरवा. पायरीशी केशरला तुमच्या हातात देईन आणि तुम्ही म्हणालात तर तिथूनच मागं फिरेन. तिला मात्र मागं धाडू नका. तिनं आजपासूनच कोंड्याची पुडी बांधून ठेवली आहे. आजीकडे कोंडा संपला असला तर, म्हणते.

टाक आज पदराच्या वर आहे.

तुमची लेक असं लिहायला आज हात उचलत नाही, म्हणून तुम्ही ज्या नावानं हाक माराल त्या नावाची वाट पाहणारी,
तारा