सायकलची दोन्ही चाकं

चिमणे,

सायकल विकत घ्यायला अकरा वाजता माणूस येईल. बाबांनी नाही म्हटलंय, असं सांगून त्याला परत पाठव. दोन्ही चाकं मी दुरुस्तीला नेली आहेत. नाश्ता झाल्यावर गोळी घे, प्लास्टर भिजवू नकोस.

(कागद उलट.)

तू किती वेगात आली असशील ते बघायला सकाळी तुझी सायकल घेऊन जलाशयावर गेलो. आपल्या सपाट मुलखात उतार तो एकच, बांधाचा. तू पडलीस तिथेच ब्रेक दाबले, पण सायकल थांबेना. मी थेट झुडपात. (आईला गुडघा दाखवलेला नाही.)

मग दोन्ही चाकांच्या मधोमध असलेल्या ब्रेकच्या चकत्यांना बोट लावून पाहिलं. तेल! आमच्या काळच्या सायकली तेलाच्या फडक्याने पुसायची सवय. तुझीही मीच पुसली होती, तू पडायच्या आदल्या दिवशी, चकाकावी म्हणून.

दवाखान्यात तू तीनदा म्हणालीस, "बाबा, मी ब्रेक दाबला होता." मी काकासमोर, तुझ्या मैत्रिणींसमोर म्हणालो, "मस्ती नडली."

संध्याकाळी त्या सगळ्यांना घरी बोलावलंय. मी बोलेन. तू नुसती समोर बस.

बाबा