परवा म्हणजे नक्की कधी

४ जून, सकाळ
आजपासून लोहतारा मालिकेचा कालक्रम लावायला घेतला. अंतराळातल्या बारा कादंबऱ्या. लेखकाने सहावी आधी लिहिली, मग दुसरी, मग आठवी. का, ते त्याचं त्यालाच माहीत. ह्यांनी आयुष्यभर 'एकदा बसून सगळं क्रमाने लावतो' म्हटलं आणि लावलं नाही. वाचनालयाच्या बाई म्हणाल्या, काकू, पूर्ण संच दिलात तर कपाटावर काकांच्या नावाची पाटी लावू. पुढच्या शनिवारपर्यंत द्यायचा आहे. मी क्रम लावूनच देणार. वाचणाऱ्याचे हाल नकोत.

यात भावनेचा काही संबंध नाही. शिलाईच्या दुसऱ्या मशीनला जागा हवी, एवढंच.

चार दिवसांचं काम.

५ जून
पद्धत सापडली. जुना मापाचा टेप कटिंगच्या टेबलावर ताणून बसवला. एक इंच म्हणजे दहा वर्षं. प्रत्येक घटनेची चिठ्ठी टाचणीने त्या त्या जागी. इतकं सोपं होतं. हे उगाच या क्रमावरून रविवार रविवार मित्राशी भांडत बसायचे. माझी सातवीनंतर शाळा सुटली, डोकं सुटलेलं नाही.

दुपारी
जांभळ्या ग्रहावरचं वर्ष आपल्या चार महिन्यांचं. तिसऱ्या पुस्तकात लेखक आपली वर्षं मोजतो, पाचव्यात तिथली. त्यामुळे मालिकेचा नायक कप्तान तिसऱ्यात चाळीस वर्षांचा आणि पाचव्यात एकशे वीसचा, आणि तरी भिंतीवरून उड्या मारतोय. सगळ्या टाचण्या काढल्या. चिडचिड झाली. उद्या पुन्हा.

६ जून
बसचा ड्रायव्हर पॅंटचं माप द्यायला आला. घाईत टेबलावरचाच टेप सोडवून घेतला. त्याची कंबर पहिल्या कडेयुद्धाच्या चिठ्ठीच्या जरा अलीकडे आली. तो म्हणाला, हे काय टोचतंय? म्हटलं, इतिहास आहे, हलू नका.

लेकीचा फोन. म्हणाली, आई, इंटरनेटवर कुणीतरी हा क्रम आधीच लावला असेल. म्हटलं, तयार पॅंटही दुकानात मिळते, तरी लोक माझ्याकडे येतात. मग म्हणाली, शेवटचं पुस्तक वाचून संपवलंस का गं? म्हटलं, तुझा आवाज तुटतोय. ठेवला.

आवाज चांगला येत होता. पण हिशेबात व्यत्यय नको.

८ जून
चार दिवस झाले. काम जवळजवळ पूर्ण. फक्त बारावं राहिलं.

कमांडर आला. ह्यांचा रविवारचा भांडायचा मित्र. नोकरी विजेचे मीटर वाचायची, हुकूम कधी घरच्या मांजरानेही ऐकला नाही, पण सगळे म्हणतात कमांडर. त्याला बाराव्यातली अडचण दाखवली. कप्तानाच्या बायकोला अंतराळस्थानकावर निरोप मिळतो. तारीख पुसलेली. मजकूर एवढाच: परवाची भेट विसरू नकोस.

परवा कुठला? मागचा असेल, तर ती नवव्या पुस्तकातली भेट, आणि त्यानंतर कप्तान धुळीच्या ढगात गेला तो गेलाच. पुढचा असेल, तर तो येतोय. एका शब्दावर अख्खं अकरावं पुस्तक इकडून तिकडे जातं.

कमांडर म्हणाला, मागचा, वहिनी. मी म्हटलं, पुढचा. तो म्हणाला, अहो, पुढची तीस पानं वाचा, त्यातच लिहिलंय. म्हटलं, एक अक्षर सांगाल तर याद राखा. त्या निरोपाच्या पानावर ह्यांची खूण आहे. निळा दोरा, माझ्याच रिळाचा. हे तिथपर्यंतच आले होते. त्यांना मागे ठेवून आपण पुढे जाणं बरं दिसत नाही. आणि पुढचं न वाचताही तर्काने काढता येतं.

कमांडरने दोरा सांभाळत पुस्तक मिटलं आणि चहा प्यायला.

९ जून
तर्काने काढलं. दवाखान्यात ह्यांना विचारलं होतं, पुस्तक आणून देऊ का? म्हणाले, आज डोळे दुखतायत, परवा आण. मी आणणार होते. पिशवीत भरूनही ठेवलं होतं. म्हणजे नवरे बायकांना परवा म्हणतात तेव्हा तो पुढचाच असतो. सिद्ध झालं. अकरावं आधी, बारावं नंतर, कप्तान वाटेवर. चिठ्ठी लावली.

आज आणखी काही केलं नाही.

११ जून
ड्रायव्हर पॅंट घेऊन परत. म्हणाला, ताई, उभा असलो की ठीक आहे, बसलो की शिवण बोलते. आणि माझं काम बसायचंच आहे. नव्या टेपने कापड कापलं होतं, चूक शक्यच नाही. मग दोन्ही टेप शेजारी धरले. जुना दीड इंचाने ताणलेला. पंचवीस वर्षं ओढून ओढून. मी कारागिरांना ओरडते, जुन्या टेपने माप घेऊ नका म्हणून.

म्हणजे विश्वातली पंधरा वर्षं गायब. सगळ्या टाचण्या पुन्हा. एक अंगठ्यात गेली. लेखकाला, ग्रहाला आणि टेप बनवणाऱ्याला बोलले. ह्यांनाही थोडं बोलले. स्वतः लावून गेले असते तर.

१३ जून, शनिवार
क्रम पूर्ण. प्रत्येक पुस्तकाच्या पाठीवर दोऱ्याने शिवलेल्या क्रमांकाची कापडी चिठ्ठी. कमांडरने पिशवी उचलली.

वाचनालयाच्या बाई म्हणाल्या, अगंबाई, किती मेहनत घेतलीत! आणि माझ्या चिठ्ठ्यांवर त्यांच्या पट्ट्या चिकटवल्या. आमच्याकडे पुस्तकाच्या नावाच्या अक्षराने लावतात, काकू. दहावं पहिलं गेलं. पहिलं तळाशी.

मग त्यांनी पुस्तकं मोजली. म्हणाल्या, ही अकराच आहेत. बारावं?

म्हटलं, परवा.

त्यांनी पेन टेकवलं. म्हणाल्या, परवा दिलंयत की परवा देणार?

मी रिकाम्या पिशवीची घडी घालायला घेतली. इतके दिवस त्याच शब्दावर बसले होते, आणि घडी काही नीट बसेना. शेवटी कमांडरच बोलला. पंख्याकडे बघत म्हणाला, पुढचा परवा, बाई. पुढचाच. तसं लिहा.

पाटी कोरी लावली आहे. संच पूर्ण झाला की नाव.

संध्याकाळी
टेबल मोकळं. दुसरं मशीन अजून बघितलेलंही नाही.

बारावं उघडलं. एक पान वाचलं. त्यात कप्तानाचं नावही नाही, नुसती बायको स्थानकावर दिवे पुसतेय. दोरा एक पान पुढे सरकवला. अहो, एकच.

रोज एकच पान वाचायचं ठरवलं आहे. म्हणजे परवापर्यंत होत नाही.

तसं बाईंना परवा कळवते.