मागच्या खोलीची तपासणी

९ मार्च, दुपार

प्रिय आत्या,

नमस्कार. मी ठणठणीत आहे, वेळेवर जेवते, बस हळू चालवते. हे तू विचारणारच, म्हणून आधीच उरकलं. आता नीट टेकून बस. आत्या, घर मिळालं! आपलं, स्वतःचं!

डेपोतल्या बाकावर बसून लिहितेय. सकाळपासून इतकी हसतेय की कंडक्टरने दोनदा विचारलं, “बाई, बरं आहे ना?”

बैठं घर आहे. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे चिमूटभर अंगण. मालकीणबाई निवृत्त शिक्षिका. पहिल्या भेटीत मी सगळे नळ सोडून पाहिले, तर म्हणाल्या, “घर घ्यायला आलात की नळ दुरुस्तीला?” एकटीला दोन खोल्या कशाला, असं तू म्हणशील. सांगते, दम धर.

खरी गंमत पुढेच. दलाल म्हणाला, “ताई, बँकेचा माणूस किंमत ठरवायला येतो, तेवढी तपासणी बास. दुसरं गिऱ्हाईक दारात उभं आहे.” तरी मी एका इंजिनीअरबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, “बँकेचा माणूस बँकेसाठी बघतो. वरवरच्या तपासणीत नजरेला पडेल तेवढंच कळतं. पूर्ण तपासणी म्हणजे मी गच्चीवर चढणार, भिंती ठोकणार, ओल मोजणार. पण आठवडा जाईल. तेवढ्यात घर हातचं जाऊ शकतं.”

दलालाला ‘हो’ कळवायला फोन हातात घेतलाही. पण मग वाटलं, डेपोतून बस काढायच्या आधी मी ब्रेक बघते, टायर बघते. आणि जन्म काढायचं घर नुसता रंग बघून घ्यायचं? पूर्ण तपासणी सांगून टाकली. दलालाने फोनवरच कपाळावर हात मारला असावा.

इंजिनीअरबाई हातोडी आणि टॉर्च घेऊन आल्या. मी शेपटासारखी मागे. पुढची खोली ठीक, स्वयंपाकघर ठीक. मागच्या खोलीत मात्र भरीव वाजणारं छत एका कोपऱ्यात पोकळ वाजलं. बाईंनी जरा खरवडलं, तर प्लास्टरचा पोपडा पडला आणि आत गंजलेली सळई. वरची टाकी कित्येक वर्षं झिरपत होती. आणि बरोबर खाली मालकीणबाईंचा पलंग.

मालकीणबाई भडकल्या. “नको असेल तर सरळ सांगा. घराला नावं कशाला ठेवता?”

मी म्हटलं, “बाई, घराचं राहू द्या. आज तुम्ही इथे झोपू नका.”

त्यांनी एकदा वर पाहिलं आणि उशी उचलली. मग आम्ही तिघींनी पलंग ओढत पुढच्या खोलीत नेला. घरी येताना मला रडू येत होतं. घर गेलंच, अशी खात्री होती.

दोन दिवसांनी त्यांचाच फोन. गवंडी बोलावला होता. प्लास्टर काढताना छताचा मोठा तुकडा खाली आला होता, नेमका पलंगाच्या जागी. “त्या दुसऱ्या गिऱ्हाइकाने मान वर करून छताकडे बघितलंसुद्धा नाही,” त्या म्हणाल्या. “त्यांना मी नकार कळवला. छत, टाकी नीट करून देते. घर तुमचं.” काल इंजिनीअरबाईंनी सगळं पुन्हा ठोकून पाहिलं. आता कोपरासुद्धा खणखणीत वाजतो!

एक सांगायचं टाळत होते. काकू, नेहमीसारखं शेजारून येऊन हे पत्र तुम्हीच वाचून दाखवताय ना? इथून पुढचं जरा हळू वाचा.

आत्या, मला कळलंय. मागच्या खेपेला चहा ओतताना तू कपात बोट धरलं होतंस. शिलाई मशीनवर झाकण घातलंस आणि म्हणालीस, हल्लीच्या दोऱ्यात दम नाही. मीही दोऱ्याला शिव्या घातल्या. तू लपवलंस, मी लपवू दिलं.

तपासणीच्या दिवशी इंजिनीअरबाईंनी सहज विचारलं, “राहणार कोण कोण?” मी म्हटलं, “आत्या आणि मी.” आणि मग पहिल्यांदाच तोंडातून निघालं, “तिला कमी दिसतं. अजून कमी होत जाणार.”

बाईंनी टॉर्च बंद केला. “मग चला, परत दारापासून.” आणि डोळे मिटून, भिंतीला हात लावत त्यांनी अख्खं घर चालून पाहिलं. अंगणातली एक पायरी आखूड निघाली. न्हाणीघरातली फरशी निसरडी. एक खिडकी नेमकी कपाळावर उघडते. तू यायच्या आत हे सगळं बदलून घेणार आहे.

ओझं-बिझं बोलायचं नाही. भाड्याच्या किती खोल्या बदलल्या आपण, आणि दर वेळी खिडकीजवळची जागा मला दिलीस. मागच्या खोलीला दोन खिडक्या आहेत. अजून दिसतंय तोवर ये, डोळे भरून बघ, घर पाठ करून घे. भांडायचं असेल तर इथे, आपल्या स्वयंपाकघरात उभी राहून भांड.

रविवारी घ्यायला येते.

खाली ‘तुझी भाची’ लिहायला गेले, पण हाताने ऐकलं नाही.

तुझी लेक,
भिंगरी